आबाजी ४२ साली फरार होते म्हणतात, पण कागदावर कुठंच नाव नाही. कुठं शोधावं?

झाडीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी, आमचं गाव चिमूरपासून सात-आठ किलोमीटर, धानपट्टा. १६ ऑगस्ट १९४२ ले नागपंचमी होती, चिमुरात मिरवणूक निघाली, गोळी चालली, बालाजी रायपूरकर गेला, मंग लोक बिथरले अन काही अधिकारी मारले गेले, एवढं तं सगळ्यायले माहीत आहे. त्याच्यानंतर गोरे शिपाई आले अन घरोघरी घुसले तवा आमचे आबाजी रातोरात निघाले, मंग सहा-सात महिने गावात दिवसा कोणी पाह्यलंच नाही असं आजी सांगे.

रोवण्याचे दिवस होते. आजी डोक्शावर शेणाची टोपली घेऊन बांधीकडे जाये, शेणाखाली पानात गुंडाळून भात अन लाखोरीची दाळ. गावात पोलीस असला का कुपाटीवर लाल लुगडं वाळत घाले, म्हणजे आबाजीनं दुरूनच वापस फिरावं. मी एकदा इचारलं का आजी, भर पावसात लुगडं वाळत घालून रायली होती, शिपायाले शंका नाही आली का? तं म्हणे, बाई लुगडं कुठं टाकते इकडे कोण पाहते रे बाबू.

आता झालं असं का मी गॅझेटियरवाल्यांचा स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश पाह्यला, स्मारक-स्तंभावरची नावं पाह्यली, आबाजी कुठंच नाही. आमचे काही पाव्हणे हासतात, बुढा फेकत असन म्हणतात. खरंच गावखेड्यात असं भूमिगत काम होतं का, का सगळं नागपूर-मुंबईचंच होतं?

नागपूरकर_वकील
खरं सांगू का, भूमिगत म्हणून जे नोंदलं गेलं ते बहुतेक शहरातलंच आहे. नागपुरात मगनलाल बागडींची हिंदुस्तान लाल सेना होती, त्यातल्या शंकर महालेला जानेवारी १९४३ मधे नागपूर जेलात फाशी झाली. मुंबईत उषा मेहतांचं गुप्त काँग्रेस रेडिओ ऑगस्टच्या शेवटी सुरू झालं ते १२ नोव्हेंबरला पकडलं जाईपर्यंत जागा बदलत चाललं. गावात लोक लपले असतील, पण लपणं म्हणजे चळवळ नाही ना. पुरावा पाहिजे.

आष्टीकर
वकीलसाहेब थोडं थांबा. त्या रेडिओवर सांगितलं काय जात होतं? वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीचं अन चिमूरचं. आष्टीत बी त्याच दिवशी, १६ ऑगस्टलेच, पोलीस ठाण्यावर लोक गेले अन दोन्हीकडचे माणसं मेले. पेपरात काही छापू देत नव्हते, मंग हे मुंबईपर्यंत गेलं कसं? कोणीतरी चिमुरातून पायी निघालं असन, कोणीतरी एक रात्र कोठ्यात झोपू देल्लं असन, कोणीतरी सकाळी म्हटलं असन का साहेब आमच्याकडे कोणी नाही आलं. मी तं त्यालेच भूमिगत म्हणतो बाप्पा. माझी आजी बी असंच खोटं बोलली होती अन मरेपर्यंत तिले त्याचा भारी अभिमान होता, देवळात खोटं बोलत नसे पण हे मोजत नसे.

अन सेवाग्रामले गांधीजींच्या आश्रमातले प्रोफेसर भन्साळी आठवा. चिमुरात बायांवर जे अत्याचार झाले त्याची चौकशी करा म्हणून पहिले दिल्लीत बापूजी अणेंच्या दारात बसले, ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तवा. तिथून हाकललं. मंग चिमूरले पायी निघाले, तं धरून वापस आणलं. शेवटी ६३ दिवस उपास केला, १२ जानेवारी ४३ ले सुटला. उपासाची बातमी छापायची बंदी, म्हणून देशभरातल्या कितीतरी पेपरांनी ६ जानेवारीले अंकच काढला नाही. चिमूरच्या बाया बोलल्या नसत्या तं भन्साळीले कळलं कसं असतं?

निवृत्त_गुरुजी
दोघांचंही बरोबर आहे, पण पुराव्याचा मुद्दा उलटा आहे. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ साली आली. त्यात भूमिगत माणसाला सहा महिने दाखवायचे, अन ते कसे? एक तर सरकारनं तुम्हाला फरार घोषित केलेलं पाहिजे, नाहीतर डोक्यावर बक्षीस लावलेलं, नाहीतर अटकेचा हुकूम निघालेला पण बजावता न आलेला. म्हणजे इंग्रज सरकारला तुमचं नाव माहीत पाहिजे! ज्याचं नावच पोलिसाला कळलं नाही त्यानं उत्तम काम केलं अन तोच नापास. मी ऐंशीच्या सुमारास गावातल्या म्हाताऱ्यांचे अर्ज लिहून देत होतो, एका म्हाताऱ्यानं विचारलं, मास्तर, मी सापडलो असतो तं आज पैसे भेटले असते का? मी हो म्हटलं. तो काही न बोलता तंबाखू मळत बसला.

बाबू, तू नागपूरच्या जुन्या सचिवालयातलं विदर्भ अभिलेखागार पाह्य. सीपी अँड बेरारच्या, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या फायली तिथं आहेत. आबाजीचं नाव नको शोधू, गावाचं नाव शोध. त्या वेळी गावच्या गावं सामूहिक दंडात धरली होती.

वणीची_ताई
आमच्या बाबांचं असंच, फक्त ७५ सालचं. आणीबाणीत रात्री सायक्लोस्टाइलचे पत्रकं कापसाच्या बंडीत गठ्ठ्याखाली टाकून नेत होते, हात निळे होत शाईनं म्हणून आई लिंबू अन राख घासून देत होती. मिसा म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली जे पकडले गेले त्यांना २०१८ मधे राज्याचं मानधन सुरू झालं, महिन्याच्या वर जेलात असन तं तेव्हा दहा हजार. मधी बंद पडलं, मंग २०२२ मधे पुन्हा चालू. आमच्या बाबांना काय, ते तं पकडलेच गेले नाही. (कृपया यावरून आताच्या पक्षांची भांडणं सुरू करू नका, मागच्या वेळी सगळं बंद करावं लागलं होतं.)

नागपूरकर_वकील
गुरुजी, मानलं. "लपणं म्हणजे चळवळ नाही" हे वापस घेतो. पण पोट्ट्या, कागदाशिवाय स्तंभावर नाव चढवत नाही कोणी, ते सांगून ठेवतो.

झाडीचा_पोट्टा
स्तंभाचं जाऊ द्या दादा. गुरुजीचं वाचून रात्री आत्याले फोन लावला. तिच्याकडे आजीची पेटी आहे. तिच्यात लुगड्याखाली एक पिवळी पावती भेटली, दंड भरल्याची, घडीवर फाटली आहे पण गावाचं नाव वाचता येते. आत्या म्हणे बैलजोडी इकून भरला होता तो. रोवणा आटोपला का नागपूरले जातो.

निवृत्त_गुरुजी
फोटो टाक इथं. लॅमिनेशन अजिबात करू नको, कागद खराब होते. नाव कोणाचं आहे?

झाडीचा_पोट्टा
आबाजीच्या बाबाचं.