तुमचं राजकीय मत कुठे घडलं? (अनुभव धागा)

ओसरी

परवा आईची ट्रंक उपसली. नऊवारी लुगडी, चांदीचा करंडा आणि अगदी तळाशी जुन्या पंचांगात दडवलेलं एक पोस्टकार्ड. नाना, म्हणजे माझे वडील, १९७६ साली आणीबाणीत मिसाखाली (खटल्याविना डांबायचा कायदा) येरवड्याच्या तुरुंगात होते, तिथून आलेलं. "दोन बनियन, अंगाचा साबण, कोऱ्या वह्या पाठव. धाकटीचा खोकला थांबला का?" त्याखालच्या दीड ओळीवर काळी शाई फिरवलेली, कोपऱ्यात तपासल्याचा शिक्का. धाकटी म्हणजे मी.

नाना शिक्षक, समाजवादी. ते आत गेले तेव्हा मी सात वर्षांची. घरात येणारा पगार थांबला. आळीतली माणसं आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायची. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. माझं राजकीय मत तेव्हाच ठरलं, असं मी आजवर धरून चालले होते. भिंतीवर काँग्रेसचं गाय-वासरू रंगवलेलं दिसलं की मी चिखलाचा गोळा मारायची.

पण पोस्टकार्डाबरोबर आईची हिशेबाची वही निघाली. "श्रावण. मागल्या दाराने ४ पायली ज्वारी. परत करायची." मग भाद्रपद, मग अश्विन. कुणाची ते कुठेच लिहिलेलं नाही. मावशीला फोन केला. ती म्हणाली, अगं, समोरच्या वाड्यातले काका. काका म्हणजे आमच्या तालुक्यातले काँग्रेसचे पुढारी! १९७७ च्या मार्चमध्ये दिल्लीतलं सरकार पडल्याचं रेडिओवर ऐकलं, त्या रात्री आम्ही पोरांनी त्यांच्याच दारात फटाक्यांची माळ लावली होती. काडी मी ओढली होती.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिने हे मला कधीच का सांगितलं नाही, हेच डोक्यात घोळतंय. तुमची मतं कशी झाली, कधी बदलली, लिहा ना. आजच्या पक्षांची भांडणं मात्र इथे नकोत.

शेवंती

काटा आला अंगावर. कुकर लावून येते, मला खूप लिहायचंय.

परळचा भोंगा

वही म्हटल्यावर राहवलं नाही. माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, पंधरा माणसं, दोन पाळ्यांत जेवायची. बहुतेक सातारा आणि कोकणातले, कापडगिरणीच्या साचेखात्यातले (मागावर काम करणारे), बायकापोरं गावी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी नववीत. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणायचे आणि डॉक्टर पंधरा दिवसांत मिटवतील म्हणायचे. शिमग्याला म्हणून एकेक जण गावी गेला तो तिकडेच राहिला. जाताना वहीत उधारी मांडून. "वहिनी, संप मिटला की पहिल्या पगारात." मिटतोय कसला! अडीच लाखांच्या आसपास कामगार होते हो त्या संपात.

आईने मंगळसूत्र गहाण टाकून वाण्याचं देणं फेडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं युनियन हा शब्द कानावर आला तरी माझं डोकं फिरायचं.

१९८६ ला आमच्याकडे जेवणाऱ्यांतला एक भाऊ दारात उभा. आंबे विकून आणलेले ३४० रुपये आईच्या हातावर ठेवले. म्हणाला, "वहिनी, हरलो आम्ही, पण मागणी खोटी नव्हती. मी नऊ वर्षं बदली होतो." बदली म्हणजे काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचारलं. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर घरी परत. नऊ वर्षं! आमच्या खोलीत जेवणारा माणूस, आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.

कांदाचाळ

चाकणचं १९८० चं कांदा आंदोलन आठवणारं कोण आहे का इथे? वडील बैलगाडी घेऊन रस्त्यावर बसले होते, कांद्याला भाव मिळावा म्हणून. शेतकरी संघटनेचे शरद जोशी काय बोलतात ते आजोबांना निम्मं कळायचं नाही. पण उत्पादनखर्चाचा हिशेब त्यांनी फळ्यावर मांडला, तो कळला. आजोबा घरी येऊन कोळशाने भिंतीवर तसाच हिशेब मांडायचे. बी, खत, मजुरी, वाहतूक, आणि खाली तोटा. आम्ही पोरं त्या भिंतीवर वजाबाकी शिकलो. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मला कवितेच्या आधी पाठ होती.

आई १९८६ ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला जाऊन आली. आल्यावर तिने वडिलांना एकच विचारलं, सातबारावर माझं नाव का नाही? वडील रस्त्यावर बसणारे, लाठ्या खायला तयार असलेले, पण या प्रश्नावर त्यांना बोलता येईना. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या (बायकोच्या नावे जमीन करायच्या मोहिमेच्या) वेळी दीड एकर तिच्या नावावर झालं. वडिलांचं आंदोलन मोठं होतंच. मी मात्र घडलो तो आईच्या त्या एका प्रश्नावर.

बाकी यंदा चाळीत कांदा सडतोय, कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा.

शेवंती

@कांदाचाळ, आमच्याकडे खाली हवा खेळती राहावी म्हणून चाळ जमिनीपासून दोन फूट उचलून घेतली, फरक पडला. ओला कांदा भरू नका, आधी शेतातच पातीखाली सुकवा.

माझं लिहायचं राहिलंच. पाहुणे आलेत.

मांडवीतीर

आमच्याकडे गोव्यात १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. आजोबा विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांचे, म्हणून फुलाचे. शाळेत मराठी, देवळात मराठी, भजनात मराठी. पण खरं कारण बाबांनी मला खूप नंतर सांगितलं. आजोबा कूळ होते. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसायची, खंड भरायचा. महाराष्ट्रात गेलो की तिथला कूळकायदा लागेल आणि जमीन आपली होईल, हा त्यांचा हिशेब.

आजी दोन पानांची! तिची बहीण लग्न होऊन मुंबईला दिलेली. तिथे नळावर तिच्या कोंकणी बोलण्याला बायका हसायच्या. आजीला तेवढं पुरे होतं. घरात फूल-पान, फूल-पान. निकाल लागला, पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. आजोबांनी आठ दिवस आजीशी बोलणं टाकलं, सगळे निरोप बाबांमार्फत. "आईला सांग, पेज वाढ."

जमीन शेवटी कुळांच्या नावे झाली ती गोव्यातच, १९७६ च्या दुरुस्तीने. म्हणजे आजीचं मतही टिकलं आणि आजोबांची जमीनही आली. मला वाटायचं, आपण भाषेच्या बाजूने मत देतो. आमच्या घरी एकाने जमिनीसाठी दिलं, दुसरीने बहिणीसाठी.

परळचा भोंगा

@मांडवीतीर, "आईला सांग, पेज वाढ" वाचून मोठ्याने हसलो. आमच्याकडेही अबोल्यात असंच चालायचं.

माजी सरपंच

मी फोनवर लिहिते चुका होतील. माझं शिक्षण सातवी. २००५ ला सरपंचपद बायकांना राखीव निघालं म्हणून मालकांनी मला उभं केलं. निवडून आले. पहिलं वर्ष नुसत्या सह्या केल्या. खुर्चीवर मालक बसायचे, मी शेजारी बाकड्यावर. त्यांचा पक्ष तोच माझा पक्ष, दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

मग महिला ग्रामसभेत एक म्हातारी उठली. म्हणाली, "पाणी वरल्या आळीला अन् पाणीपट्टी खालल्या आळीला व्हय गं?" सगळ्या गप. मी ग्रामसेवकाला पाणीपट्टीचं रजिस्टर मागितलं. ते म्हणाले साहेबांना विचारून देतो. साहेब म्हणजे माझे मालक. मी म्हटलं सही कुणाची चालते? दिलं मग. दोन रात्री बसून बोट ठेवून एकेक नाव वाचलं. खालल्या आळीने सगळी पट्टी भरलेली. वरल्या आळीत आमच्या भावकीतली नऊ घरं, तीन वर्षांची थकलेली. आणि खालल्या आळीचा व्हॉल्व बंद. त्याची चावी आमच्या चुलतदिराकडे.

मी जाऊन चावी आणली. घरात खुंटीला लावली. रोज पहाटे पाचला स्वतः जाऊन फिरवायची. भावकीने दोन वर्षं आमच्याकडे पंगतीला येणं बंद केलं. मालक चिडले होते, नंतर एकदा मला ताप आला तेव्हा तेच उठून व्हॉल्व फिरवून आले.

आता मत कुणाला देते ते मी घरात सांगत नाही.

कांदाचाळ

सरपंचताई, रामराम तुम्हाला. ती चावी आता कुठे असते?

माजी सरपंच

पंचायतीत. पाणीवाला माणूस नेमला, ठराव माझ्याच काळातला.

अभ्यासिका क्र. ४

पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, तिसरं वर्ष. तुम्हा सगळ्यांकडे काहीतरी घडलेलं आहे. माझ्याकडे काय? पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती मला कलमांसकट पाठ आहे, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून, पण व्हॉल्वची चावी आज कळली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही काका रोज भांडतात आणि मी ज्याचा मेसेज शेवटी वाचतो तो मला पटतो. हे मत म्हणायचं का? मनापासून विचारतोय.

ओसरी

@अभ्यासिका, तुला प्रश्न पडलाय ना, मग चाललंय ते बरोबर चाललंय. नाना म्हणायचे, गावी गेलास की आधी रेशन दुकानाच्या रांगेत उभा राहा, तिथल्या गप्पा ऐक. जेवतोस ना वेळेवर?

लेस्टरवासी

२०१६ ला मी इथे इंग्लंडमध्ये वर्क व्हिसावर, येऊन तीन वर्षं झालेली. घरी मतदानाचं कार्ड आलं, मला वाटलं चुकून आलं. चूक नव्हती, राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना इथे राहत असले तर ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं, या सार्वमतात मत होतं. माझ्या शेजारी बसणारी पोलंडची सहकारी अकरा वर्षं इथे, मुलं इथल्या शाळेत, तिला मत नव्हतं.

आमच्या मंडळींत तेव्हा एकच बोलणं, की युरोपातली माणसं यायची थांबली की आपल्या लोकांना व्हिसा सोपा होईल. माझ्या भावाचा व्हिसा दोनदा नाकारलेला. २३ जूनला मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. सकाळी निकाल आला, ५२-४८. ती ऑफिसात आली, काही बोलली नाही, संगणक सुरू केला आणि मला नेहमीसारखा चहा आणून दिला. पुढल्या वर्षी ती सगळं आवरून परत गेली. तिला मी माझं मत सांगू शकलो नाही, आजही सांगितलेलं नाही. भावावरचं प्रेम खरं होतं. पण त्यासाठी मी काय करून बसलो हे मला तो चहा घेताना कळलं.

गोदाकाठ

सकाळपासून वाचतोय. लिहू की नको चाललं होतं.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या दलित वस्तीला तो कळला धुरावरून. मी सहा वर्षांचा. पावसाळ्याचे दिवस, छपरं ओली. ओलं छप्पर पेटत नाही, म्हणून विरोध करणाऱ्यांनी रॉकेल आणलेलं. आईने मला आणि बहिणीला उसाच्या फडात नेऊन बसवलं, तोंडावर पदर दाबून. उसाच्या पात्याने कापलेली खूण कोपरावर अजून आहे. तुम्ही विचारता मत कुठे घडलं. आम्हाला मत आहे का, हे विचारायला कुणी आलंच नव्हतं. आमच्या अंगावर ते आधी आलं, शब्द नंतर मिळाले, नागसेनवनात मिलिंद कॉलेजला शिकताना.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. वडिलांना घेऊन विद्यापीठाच्या गेटवर गेलो, ही गर्दी. वडिलांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, सगळं नाव वाचून दाखव. वाचलं. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.' म्हणाले, "मराठवाडा ठेवलाय की. मग त्यांचं काय गेलं असतं रे सोळा वर्षांखाली?" मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

लिंबाचा पार

@गोदाकाठ, मी तेव्हा परभणीला अकरावीत होतो. नामांतराच्या विरोधाच्या मोर्चात होतो. जाळपोळीत नव्हतो, पण घोषणा दिल्या, एसटी अडवली. कारण विचाराल तर वर्गातले सगळे निघाले होते, एवढंच. विद्यापीठ मी तोवर पाहिलंही नव्हतं.

पुढे नोकरीत शेजारच्या टेबलावर एक सहकारी होता, आम्ही डबा वाटून खायचो. बढतीच्या वेळी त्याच्याकडे मॅट्रिकचं प्रमाणपत्र नव्हतं. घराबरोबर जळालं, म्हणाला. कधी, विचारलं, तर म्हणाला अठ्ठ्याहत्तरला. दुसरी प्रत काढायला मी त्याच्याबरोबर तीन खेपा घातल्या. पण मी मोर्चात होतो हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही. तो २०११ ला गेला. त्याला जे बोलायचं राहिलं ते तुम्हाला बोलतो. माझं चुकलं.

गोदाकाठ

वाचलं. लगेच काही लिहिता येत नाहीये. उद्या लिहितो.

शेवंती

पाहुणे गेले. पण आता माझं काही लिहावंसं वाटत नाही. दोघांनाही नमस्कार.

मांडवीतीर

@ओसरी, त्या समोरच्या वाड्यातलं आता कुणी आहे का तुमच्या गावी?

ओसरी

काकांचा मुलगा आहे, माझ्याच वयाचा. किराणा दुकान चालवतो. रविवारी जाणार आहे. वही घेऊन जाते. ज्वारी परत केल्याची नोंद मी शेवटच्या पानापर्यंत शोधली, सापडली नाही.

बरं, ते पोस्टकार्ड घडीवर फाटायला आलंय. लॅमिनेट करून घेऊ का?

कागदवेडी

नका, अजिबात नका! त्या उष्णतेने शाई बिघडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही लावू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, मग आम्ल नसलेल्या कागदात सपाट ठेवून कोरड्या जागी, उन्हापासून लांब. आणि पंचांगातून काढा आधी, जुन्या कागदाचा पिवळेपणा उतरतो त्यावर.

ओसरी

काढलं. पंचांगाच्या त्या पानावर अक्षरं उलटी उमटलीत. 'खोकला थांबला का' एवढं वाचता येतंय.