सोळा वर्षांच्या पोराला सायकोपॅथ म्हणता येतं का?

पाऊलवाट:
मी दर शनिवारी एका निरीक्षणगृहात, म्हणजे आमच्याकडे सगळे अजून रिमांड होमच म्हणतात, तिथे मुलांना गणित शिकवायला जाते. एक पोरगा आहे 16 वर्षांचा, मारामारीत समोरच्याला फार लागलं म्हणून आलाय. घडलेलं सांगताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, आई भेटायला येऊन रडत होती तरी हा भिंतीकडे बघत बसलेला. परवा तिथे येणारे एक शिकलेसवरलेले गृहस्थ म्हणाले, मॅडम हा सायकोपॅथ आहे, याच्यावर वेळ घालवू नका. तेव्हापासून झोप नाही मला. असं खरंच असतं का या वयात? आणि असलं तर काय, सोडून द्यायचं त्याला?

निमशहरी:
ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलोय. सायकोपॅथ हे डीएसएममधलं, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकातलं, निदानच नाही, आणि त्याच्या जवळचं जे आहे ते अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर (दुसऱ्यांचे हक्क सतत पायदळी तुडवणारा स्वभाव) 18 पूर्ण व्हायच्या आत कुणालाच लावता येत नाही. मुलांसाठी कंडक्ट डिसऑर्डर आहे, म्हणजे मारामारी, चोरी, नियम मोडणं असं सतत चालू राहणारं वागणं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे त्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, त्याला एक जोड दिली, की पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, अभ्यासात मागे पडलो तरी फिकीर नाही, भावना वरवरच्या, यातली किमान दोन लक्षणं किमान 12 महिने आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत, आणि नुसतं मुलाला विचारून चालत नाही, त्याला बरीच वर्षं ओळखणाऱ्यांनाही विचारावं लागतं. म्हणजे असा स्वभाव असतो, नाही असं नाही. पण एका भेटीत चेहरा बघून ते कळत नाही हो.

सांजवेळ:
मी असल्या मुलांबरोबर खूप वर्षं काम केलं. घरात रोज मार खाल्लेली पोरं अशीच थिजलेली असतात, रडलं की अजून मार बसतो हे त्यांना लहानपणीच कळलेलं असतं. संशोधकसुद्धा दोन गट धरतात, एकाला मुळात भीतीच कमी वाटते आणि दुसरा आतून प्रचंड घाबरलेला असतो पण बाहेरून दगड. दोघांचा चेहरा सारखाच दिसतो. आणि सायकोपॅथ हा शब्द फाईलमध्ये गेला तर? 2015 च्या बाल न्याय कायद्यात 16 ते 18 मधल्या मुलाचा गुन्हा किमान 7 वर्षं शिक्षेचा असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि समज किती ते बघतं, आणि केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. त्यामुळे असं कुणी सहज बोललं की मला फार राग येतो.

निमशहरी:
सोडून द्यायचं का याचं उत्तर राहिलंच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मेंडोटा म्हणून केंद्र आहे 1995 पासूनचं, बाकीच्या बालसुधारगृहांनी हात टेकले ती पोरं तिथे पाठवतात. शिक्षा वाढवली की पोरगं अजून बिथरतं आणि मग अजून शिक्षा, हे चक्र त्यांनी तोडलं, रोजच्या वागण्याचे पॉइंट द्यायचे आणि चांगलं वागलं तर दुसऱ्याच दिवशी सवलत. तिथून गेलेल्या मुलांचे नंतरचे हिंसक गुन्हे तुलनेतल्या मुलांपेक्षा बरेच कमी निघाले, आणि सायकोपॅथीच्या चाचणीत वरचा स्कोर असलेल्या मुलांनाही फायदा झाला. या मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो, बक्षिसाचा होतो, आणि ते लगेच मिळालं पाहिजे, महिन्याने नाही.

पाऊलवाट:
वाचून रडूच आलं. एक सांगायचं राहिलं होतं, दोन महिन्यांत तो अपूर्णांकांची बेरीज शिकलाय, छेद वेगळे असले तरी करतो, मागच्या शनिवारी शेजारच्या छोट्याला आपणहून समजावून सांगत होता. मी काही बोलले नाही तेव्हा, बोलायला हवं होतं तिथल्या तिथेच. या शनिवारी बोलते. आणि तज्ज्ञाकडून तपासणी झालीये का ते प्रोबेशन ऑफिसरना विचारते, मला विचारायचा अधिकार नसला तरी.