मदत हवी आहे: न्यूझीलंड, रग्बी आणि माओरी

मंडळी, ऑकलंडला शिकणाऱ्या भाचीच्या प्रकल्पासाठी रग्बीचा इतिहास वाचतोय. १९०५ च्या ब्रिटन दौऱ्यात ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा रग्बी संघ) फक्त वेल्सकडून हरले, ०-३. न्यूझीलंडच्या डीन्सचा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) पंचांनी नाकारला, त्याचं रडगाणं तिकडे अजून संपलेलं नाही! इथवर समजलं.

पण सामन्याआधी संघ करतो तो हाका नाच माओरींचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, आणि १९६० ला वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला जाताना माओरी खेळाडूच घरी? १९८१ ला मात्र दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा वर्णभेदविरोधी निदर्शक हॅमिल्टनच्या मैदानात घुसले, सामनाच रद्द. ऑकलंडच्या सामन्यात विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या, त्यातली एक लागून यजमानांचाच गॅरी नाइट आडवा झाला.

या वीस वर्षांत नेमकं काय बदललं? माओरींच्या बाजूने लिहिलेलं, सोप्या इंग्रजीतलं काही सुचवाल का? भाची पंधरा वर्षांची आहे.