मदत हवी आहे : जंबो झिंग्याच्या अळ्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून मरायला लागतात (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपूरला हिंगणा रोडकडे एका शेडमध्ये जंबो झिंग्याची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची, लहान हॅचरी उभी केली आहे. बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं, द्यायचंय भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांसाठी, तिथल्या ढिवर (मासेमार) बांधवांच्या संस्थांना. आंध्रातून ऑक्सिजनच्या पिशव्यांत येणारं बीज इथल्या उन्हात फार मरतं, आणि पैसे मात्र मोजलेल्या नगाचे जातात. तलाव जुलैत भरतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरतं. मधल्या काळात झिंगा मोठा व्हायचा तर बीज पावसाच्या सुरुवातीलाच हातात पाहिजे. म्हणून अळ्या वाढवायचं काम नेमकं मे महिन्यात येतं.

आता अडचण. अंडी करडी झालेल्या माद्या वेगळ्या काढतो, अळ्या भरपूर सुटतात, पहिला आठवडा छान जातो. अळ्या शेपटी पुढे करून उलट्या पोहतात, नॉप्लीवर, म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाच्या नुकत्या उबलेल्या पिल्लांवर, तुटून पडतात. दहाव्या दिवसाच्या आसपास खाणं मंदावतं, अंगाला निळसर करडी झाक येते, तळाशी बसायला लागतात आणि तगड्या अळ्या त्यांना खातात. यातून जगलेल्यांपैकी बऱ्याच शेवटच्या अवस्थेत कात टाकताना अडकून मरतात. अकरा अवस्था पार करून आलेली अळी उंबरठ्यावर मरताना बघणं फार जिवावर येतं.

माझ्याकडची परिस्थिती : मिठागरातून टँकरने आणलेलं दाट खारं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून १२ पीपीटी (हजार भागांत बारा भाग क्षार) करतो. ब्लीचिंग करून, थायोसल्फेटने क्लोरीन मारून वापरतो. टाकीतलं पाणी २९ ते ३१ अंश, शेडला कूलर. पीएच ८.३ ते ८.५. लिटरला साधारण ८० अळ्या. सुरुवातीला फक्त आर्टेमिया, पाचव्या अवस्थेपासून अंड्याचं कस्टर्ड. बायोफिल्टर (जिवाणूंकरवी पाणी शुद्ध करणारा फिल्टर) आहे, बॅच टाकतो त्या दिवशी चालू करतो. अमोनिया किटवर कमीच दिसतो. सध्याची बॅच बाराव्या दिवसावर आहे, मर सुरू झाली आहे. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद १

भाऊ, नायट्राइट किती आहे? तुम्ही सगळं लिहिलंत, तेवढंच नाही लिहिलं.

विचारायचं कारण सांगतो. बायोफिल्टरमध्ये दोन प्रकारचे जिवाणू लागतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिला लवकर बसतो, दुसऱ्याला उशीर लागतो. निमखाऱ्या पाण्यात फिल्टर पूर्ण पिकायला चार ते सहा आठवडे जातात. तुमच्या अळ्यांचा सगळा प्रवासच महिन्याभराचा! म्हणजे फिल्टर कामाला येतो तेव्हा बॅच संपलेली असते, आणि मधल्या दिवसांत अळ्यांना विषारी असलेलं नायट्राइट चढलेलं असतं. अमोनिया कमी दिसतो यावर विसंबू नका, कदाचित पहिल्या जिवाणूने काम केलं म्हणूनच तो कमी आहे.

शिवाय तुमचा पीएच जास्त आहे. ३० अंशाला पीएच ७.५ असेल तर एकूण अमोनियाचा अडीच टक्के भाग विषारी रूपात असतो, ८.५ ला तो वीस टक्क्यांच्या घरात जातो. किटवरचा आकडा तोच, विष आठपट.

धागाकर्ता

आत्ताच शेजारच्या हॅचरीवाल्या मित्राकडून किट आणून बघितलं. नायट्राइटचा रंग तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या घरापर्यंत गेलाय. या बॅचचं काय करू?

प्रतिसाद १

आज निम्मं पाणी बदला. नवं पाणी त्याच खारेपणाचं, त्याच तापमानाचं, आधी रात्रभर हवा दिलेलं. कस्टर्ड आज बंद, फक्त धुतलेली ताजी नॉप्ली. तळ सायफनने काढा, मेलेल्या अळ्या आत ठेवू नका. उद्या परत मोजा, गरज पडली तर परत बदला. औषध मात्र टाकू नका, अँटिबायोटिकने फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही जातील.

पुढच्या बॅचच्या किमान महिनाभर आधी फिल्टर रिकाम्या टाकीवर चालवा, त्याला अमोनियम क्लोराइड थोडं थोडं खाऊ घाला. टाकलेला अमोनिया एका दिवसात संपला आणि नायट्राइटही शून्यावर आलं, की फिल्टर पिकला. दुसऱ्याच्या हॅचरीतलं वापरलेलं फिल्टरचं साहित्य आणायचा मोह होईल, पण आणू नका. त्यासोबत झिंग्याच्या पांढऱ्या शेपटीच्या रोगाचा विषाणूही घरात येऊ शकतो.

प्रतिसाद २

कात अडकण्याबद्दल मला वेगळं सांगायचंय. मिठागरातलं पाणी कुठल्या वाफ्यातलं आणता? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या साधारण तिप्पट मॅग्नेशियम असतं. पाणी आटत जातं तसं आधी चुनखडी आणि मग जिप्सम तळाला बसतं, म्हणजे मीठ धरायच्या आधीच कॅल्शियम निघून गेलेलं असतं. शेवटच्या वाफ्यातलं पाणी वाहतुकीला स्वस्त पडतं, पण १२ पीपीटी करून बघाल तर खारेपणा बरोबर आणि कॅल्शियम अपुरं. बोअरच्या पाण्यातून थोडं भरून निघतं, पण किती ते तपासल्याशिवाय कळणार नाही. शक्यतो सुरुवातीच्या वाफ्यांतलं पाणी मागा. कात अडकण्यामागे खाद्यातल्या कमतरतेचाही संशय घेतला जातो, म्हणून कस्टर्डमध्ये अख्खा बलक ठेवा, त्यात लेसिथिन असतं.

आणि कूलरबद्दल. नागपूरच्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की टाकीचं पाणी रोज आटतं, मीठ मागे राहतं. घट भरताना गोडं पाणी घाला, खारं नको. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर लावून खारेपणा मोजा.

नॉप्ली किती तासांची देता तेही बघा. पहिली कात टाकली की त्यांच्यातला बलक संपत येतो, पोषण उरत नाही. उबवून झाल्यावर लगेच द्या, नाहीतर थंड पाण्यात धरून ठेवा. आर्टेमियाच्या अंड्यांची टरफलं वेगळी काढा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पाणी बदलायला घेतलंय. मिठागरवाल्याला फोन केला, तो म्हणतो पाणी मीठ धरायच्या अगदी आधीच्या वाफ्यातलं आहे. टाकीतल्या पाण्याचा नमुना उद्या कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी प्रयोगशाळेत देतो.

एक शेवटचं विचारतो. रिकाम्या टाकीवर फिल्टर पिकवताना १२ पीपीटीचंच पाणी ठेवायचं, की गोड्या पाण्यात पिकवून नंतर खारं केलं तर जिवाणू टिकतात? इकडे खाऱ्या पाण्याचा प्रत्येक ड्रम महाग पडतो, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १

१२ लाच पिकवा. गोड्यातून एकदम खाऱ्यात नेलं तर जिवाणू दबतात आणि पुन्हा वेळ जातो. ते पाणी फेकायचंही नाही, नायट्राइट शून्य झाल्यावर अर्धं पुढच्या बॅचला वापरता येईल. सकाळी नायट्राइट किती आलं ते इथे टाका.