डोअर्सचा डावा हात

साठच्या दशकातला अमेरिकन रॉक बँड ‘द डोअर्स’ म्हटलं की लोकांना गायक जिम मॉरिसनच आठवतो. मग प्रश्न येतो, ‘मॉरिसन वजा केला तर डोअर्समध्ये उरतं काय?’ त्यांचं ‘लाइट माय फायर’च घ्या. हे गाणं मुख्यतः गिटारवादक रॉबी क्रीगरचं. पण पहिल्या अल्बमांवर श्रेय सगळ्या बँडच्या नावे असल्यामुळे ते सर्रास मॉरिसनच्या खात्यात जमा होतं. १९६७ मध्ये सिंगल (एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड) काढताना जवळपास सात मिनिटांचं गाणं तीन मिनिटांच्या आत बसवलं आणि कात्री लागली ती नेमकी ऑर्गन-गिटारच्या सोलोंना, म्हणजे एकट्या वाद्याच्या लांब तुकड्यांना! त्यामुळे अल्बमवरचंच ऐका.

मंचावर यांच्याकडे बासवादक (खालच्या सुरांची गिटार वाजवणारा) नव्हता. कीबोर्डवादक रे मॅन्झारेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्स पियानो बास (फक्त खालचे सूर असलेला छोटा कीबोर्ड) वाजवायचा, उजव्याने व्हॉक्स ऑर्गन. पियानो बासचा ठोका बोथट येतो, म्हणून स्टुडिओत बाहेरचा वादक लॅरी नेक्टेल याने या गाण्यावर वेगळा बास वाजवला.

वाजवून बघायचं असेल तर कीबोर्ड स्प्लिट करा, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करून प्रत्येकाला वेगळा आवाज द्या. खाली बास, वर ऑर्गन. सोलोखाली ए मायनर आणि बी मायनर हे दोन कॉर्ड आलटून पालटून येतात. आधी फक्त डावा हात घोटा, अगदी बोलता बोलता वाजेल इतका. उजवा रंगात आला की डावा हटकून पळतो आणि ड्रमर अडकतो. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलला पाय लावू नका, बासचा चिखल होतो. क्रीगरचा भाग वाजवणाऱ्याने प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) बाजूला ठेवावं. क्रीगर फ्लमेंको ही स्पॅनिश गिटारशैली शिकलेला, बोटांनीच वाजवायचा.