मॅट्रिक म्हणजे दहावी, मग जर्मनीत प्रवेश मिळाल्यावर ‘इमाट्रिकुलात्सिओन’ कसलं?

बहुतेक जण मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा असं धरतात. मूळ अर्थ उलट्या टोकाचा आहे. लॅटिन ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदवही, पट. त्यात नाव चढलं की तुम्ही विद्यापीठाचे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं आणि त्याची मॅट्रिक्युलेशन ही प्रवेश परीक्षाच होती. ती शाळा संपताना देत, म्हणून नाव हळूहळू शाळेलाच चिकटलं. पुढे एस.एस.सी. आली तरी ‘नॉन-मॅट्रिक’ हा शिक्का टिकला!

जर्मनीत जुना अर्थ शाबूत आहे: ‘इमाट्रिकुलात्सिओन’ म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. प्रवेशपत्र म्हणजे फक्त होकार. पटावर नाव त्यानंतर चढतं. त्यासाठी सेमिस्टरचं शुल्क भरा आणि आरोग्य विम्याची नोंद विद्यापीठात पोहोचवा. बरेच जण अडकतात ते इथेच: विमापत्राचा कागद चालत नाही, सरकारमान्य विमासंस्थेने ‘एम 10’ हा इलेक्ट्रॉनिक संदेश थेट विद्यापीठाला पाठवावा लागतो. खासगी विमा असला तरी हा संदेश सरकारमान्य संस्थेकडूनच जातो. आणि पुढच्या सेमिस्टरचं शुल्क मुदतीत भरलं नाही, तर ‘एक्समाट्रिकुलात्सिओन’, म्हणजे पटावरून नाव कमी.