मदत हवी आहे : पालकांना सोबत घेऊन करिअर मार्गदर्शन कसे करावे?
जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात मी बारावीच्या विद्यार्थ्यांना करिअर मार्गदर्शन करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सहा व्यक्तिमत्त्व-प्रकारांवर आधारलेली प्रश्नावली आम्ही वापरतो. परंतु निवड एकट्या विद्यार्थ्याची असते हे तिचे गृहीतक, जिथे मुलीने पुढे काय शिकायचे हे मोठे काका आणि मामा केळीच्या भावाबरोबरच ओट्यावर बसून ठरवतात, तिथे लंगडे पडते. परवा एका मुलीने ‘मला काय आवडते’ हा रकाना कोरा ठेवून विचारले, “सर, घरी विचारून उद्या भरू का?” (घरच्यांचा सल्ला म्हणजे निव्वळ दडपण, असे मी मानत नाही.) पालकांसह समुपदेशन कोणी केले आहे का? अहिराणी वा लेवा गणबोली या इकडच्या बोली बोलणाऱ्या आईवडिलांना हे प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावेत, तेही कृपया कळवावे.